हरकत न्हाई म्हणून गेलेला ओटा

आमच्या दारापुढचा ओटा मी दोनदा बांधला. पहिल्यांदा घर झालं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा मंडळीला, म्हणजे माझ्या बायकोला, लकवा मारला तेव्हा. तिसऱ्यांदा त्याला हात लावायची पाळी आली ती पाडायला. ते कसं झालं हे मी माझ्या हातानं लिहून ठेवतो आहे, कारण गल्लीत जो तो वेगळं सांगतो. कोणी म्हणतं पालिकेनं म्हाताऱ्यावर जुलूम केला. कोणी म्हणतं म्हाताऱ्यानंच आधी हो म्हटलं आणि मग उलटला. दोन्ही बरोबर नाही.

मी गवंडी. लोक मिस्त्री म्हणतात. शाळा तिसरीपर्यंत झाली, चौथीत बसायच्या आधी बापानं हातात घमेलं दिलं. वाचता येतं, हळू. लिहिता येतं, तेही हळू. पण सही माझी बघण्यासारखी आहे. पूर्ण नाव लिहितो आणि खाली एक सरळ रेघ ओढतो. ती रेघ पट्टीशिवाय सरळ येते. नरसीपासून कुरुंद्यापर्यंत मी घरं बांधली, एकाही मालकानं भिंत ओळंब्यात नाही असं म्हटलं नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही, आहे ते सांगतो.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, एकामागं एक. दोन्ही बाजूला शेजाऱ्यांच्या भिंती. खिडकी काढायला जागाच नाही, उजेड काय तो पुढच्या दारातून. पावसाळ्यात वरच्या अंगाचं पाणी गल्लीतून लोटत जायचं, म्हणून मी जोतं उंच घेतलं होतं. उंबरा रस्त्यापासून कमरेइतका वर. त्याला लागून, त्याहून खाली, ओटा, ओट्याला दोन पायऱ्या. वर शहाबादी फरशी. आमच्या गल्लीत ज्याला त्याला ओटा आहे, आणि ज्यानं त्यानं तो रस्त्याच्या अंगाला थोडा सरकवूनच बांधलेला आहे. तेव्हा रस्ता म्हणजे काळ्या मातीचा चिखल. चिखलाचे दोन-तीन फूट घेतले तर कोणाचं काय जाणार होतं?

मंडळीला लकवा मारला त्याला आता काही वर्षं झाली. नांदेडच्या दवाखान्यात राहून आली. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची, वाचा बसली. तीन-चार शब्द राहिले. हाव, म्हणजे हो. न्हाई. आणि एक पूर्ण वाक्य राहिलं, ते कसं राहिलं देवाला माहीत: "काय म्हनतेत?"

घरात ती दिवसभर आढ्याकडे बघत पडायची. बाहेर ओट्यावर आणून बसवलं की चेहरा बदलायचा. पण ओटा तिला ठेंगणा पडायचा, एकदा बसली की उठता येईना. मी मग सुट्या विटा मांडून तिला त्यावर बसवून बघितलं. एक थर ठेवला, उठवलं. जमलं नाही. दोन थर ठेवले, पाय अधांतरी. एक थर आणि वर फरशीचा एक तुकडा, तेव्हा तळपाय बरोबर टेकले आणि डाव्या हातानं धरायला काही असेल तर ती आपल्या आपण उठू शकत होती. तेवढीच उंची मी वाढवली, एक इंच इकडं नाही की तिकडं नाही. पायथ्याला लोखंडी पाइप सिमेंटात गाडला. पहिल्या दिवशी ती पाइप धरून स्वतः उभी राहिली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला माडीच बांधून दिली.

त्या दिवसापासून ती ओट्यावर. सकाळी बसवायचं, ऊन अंगावर आलं की आत घ्यायचं, ऊन सरलं की पुन्हा बाहेर. ती बोलत नव्हती म्हणून लोक तिच्याशी जास्त बोलत. बाया तिच्याजवळ टेकून सासूचं गाऱ्हाणं सांगत, कारण ते पुढं जायची भीती नव्हती. भाजीवाली टोपलं उतरवून तिथं पाणी प्यायची. लग्न कोणाकडं, बाळंतीण कोणाकडं, तिच्या माहेरची, हट्टा गावची, कोण बाई बाजारात दिसली, हे सगळं आधी तिला आणि मग मला कळायचं.

आणि पालिकेच्या बातम्या. पूर्वी आमच्याकडं दवंडी यायची, मग ऑटोवर भोंगा लावून सांगायला लागले. आता मोबाइलवर येतं. प्रभागाचा ग्रुप आहे, त्यात पालिका टाकते: पाणी कधी सुटणार, घरपट्टी कधी भरायची, मोकाट जनावरं बांधून ठेवा. माझ्याजवळ साधा फोन होता, बटनाचा. पुण्याहून मुलगा दर दिवाळीला म्हणायचा, मोठा घेऊन देतो. मी नको म्हणायचो. समोरचे किराणा दुकानदार रोज सकाळी दुकान उघडलं की आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, आणि ग्रुपवर आलेलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचे. ते बसले की मंडळी लगेच विचारायची, "काय म्हनतेत?" म्हणजे पालिका काय म्हणते.

"वहिनी, पालिका म्हनती, उद्या पाणी न्हाई."

"हाव."

"परवाबी न्हाई."

"हाव."

"बगा मिस्त्री, वहिनीची कशालाच तक्रार न्हाई. तुमी एक मोबाइल घेऊन टाका बरं आता. मी काय तुमचा पगारी मानूस हाव का?"

"काहून घेऊ? पालिका तुमच्या तोंडानं बोलती, मला बसल्या जागी ऐकू येतं."

"आन मी मेलो मंग?"

"तेबी तुमीच वाचून दाखवा. दुकानदार वारले, दुकान चालू राहील."

मंडळी हसायची. तोंडाची एकच बाजू हसायची, पण पोटभर हसायची.

तर अशाच एका सकाळी त्यांनी वाचलं. मला ते आता पाठ झालं आहे: सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, प्रभागातील अंतर्गत रस्ता व नाली बांधकाम प्रस्तावित असून, याबाबत कोणाच्या हरकती असल्यास त्या पंधरा दिवसांच्या आत लेखी सादर कराव्यात.

आमच्याकडं निजामाच्या वेळेपासून हिंदी-उर्दू मिसळलेली बोली. हरकती म्हणजे लेकरं करतात त्या खोड्या. आया पोरांच्या पाठीत धपाटे घालून म्हणतात, लय हरकती करून राहिलास. मी म्हटलं, "हरकती लेखी द्यायच्या? मंग ह्या गल्लीतल्या समद्या पोट्ट्यायच्या देतो लिहून. वही पुरायची न्हाई."

"पहिलं नाव तुमचं टाका," दुकानदार म्हणाले. "तुमच्याहून मोठा हरकती मानूस न्हाई गल्लीत."

झालं. हसण्यावारी गेलं. त्याखालची बातमी पाण्याची होती, ती जास्त महत्त्वाची वाटली. रस्ता होणार एवढं मात्र सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. मंडळीला दवाखान्यात न्यायचं म्हणजे ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि तिथपर्यंत तिला चिखलातून धरून न्यावं लागायचं. मीच म्हणालो होतो, हा रस्ता होईल तो दिवस सोन्याचा.

आठ-दहा दिवसांनी पालिकेचा कारकून आला. घरपट्टीला तोच यायचा, ओळखीचा, चाळिशीचा गृहस्थ. दुपारचा घामाघूम आला आणि ओट्यावर मंडळीच्या शेजारी टेकला.

"आजी, बऱ्या हाव का?"

"हाव."

मी पाणी आणून दिलं. त्यानं रजिस्टर मांडीवर उघडलं. "बाबा, रस्त्याचं काम मंजूर व्हऊन राहिलं. घरोघर लिहून घेऊन राहिलो. तुमची काही हरकत?"

मी म्हणालो, "हरकत न्हाई. बसा, चहा ठेवतो."

आता हा शब्द माझ्या तोंडात कसा आहे ते सांगतो. कोणी म्हटलं मिस्त्री, उद्या थोडं उशिरा येतो, तर हरकत न्हाई. कोणी म्हटलं तुमच्या सावलीत गाडी लावू का, हरकत न्हाई. पाहुणा म्हणाला जेवून आलो, तर हरकत न्हाई, दोन घास घ्या. हे उत्तर नसतं. समोरच्याला बसायला जागा करून द्यायची रीत असते. बापाच्या तोंडातही तसंच होतं. आणि रस्त्याला कशाला हरकत असेल कोणाची?

कारकून म्हणाला, "मंग इथं सही करा. थांबा, वाचून दाखवू का?"

इथं माझी चूक झाली. ती मी कोणावर ढकलणार नाही. चष्म्याची एक दांडी मोडलेली, चष्मा आत फळीवर. आत जाऊन आणायचा, दोऱ्यानं कानाला बांधायचा, आणि मग ओळीखाली बोट धरून वाचायचं, हे त्याच्यासमोर करायचं मला जीवावर आलं. आणि त्यानं वाचून दाखवायचं आणि मी अंगठेबहाद्दरासारखं मान हलवत ऐकायचं, तेही नको वाटलं.

"मला वाचता येतं," मी म्हणालो.

रजिस्टरातला कागद तोंडापुढं धरला. वाचायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ धरून ठेवला. मला त्यावर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. मग सही केली, खाली रेघ ओढली.

"सही लय झोकात करता बाबा," कारकून म्हणाला.

मला बरं वाटलं होतं, हेही लिहितो.

तेवढ्यात मंडळी म्हणाली, "न्हाई."

"आजीची हरकत दिसती," कारकून हसला.

मी म्हणालो, "चहाला म्हनती. साखर बंद हाय तिची."

ती कशाला न्हाई म्हणाली ते मला अजून कळलेलं नाही.

महिनाभरानं दोन माणसं टेप आणि लाल रंगाचा डबा घेऊन आली. दाराच्या बाजूच्या भिंतीवर लाल रेघ मारली, बाण काढला. बाण रस्त्याकडं नव्हता, घराकडं होता. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, इथपर्यंत रस्त्याची जागा. म्हणजे ओटा अख्खा रेघेच्या पलीकडं. उंबरा तेवढा माझा.

दुकानदारांच्या दुकानापुढच्या पत्र्यावरही लाल होतं. पण पत्रा मागं घेता येतो. ते म्हणाले, "मिस्त्री, ग्रुपवर आलं व्हतं ना. तुमच्यासमोरच वाचलं. हरकती मागितल्या व्हत्या."

"आमी हसलो व्हतो," मी म्हणालो.

"हसलो व्हतो," ते म्हणाले, आणि खाली बघायला लागले. दोष त्यांचाही नव्हता. त्यांनी वाचलं होतं, कळलं त्यांनाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पालिकेत गेलो. त्याच कारकुनानं तेच रजिस्टर काढलं. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: सदर मालमत्ताधारकाची रस्ता रुंदीकरण व अतिक्रमित ओटा काढण्यास हरकत नाही. त्याखाली माझी सही. कागदावर दुसरं काही तिच्याइतकं सरळ नव्हतं.

"बाबा, तुमीच लिहून दिलं ना."

"मी लिहिलं न्हाई, तुमी लिहिलं. मी बोललो. आन ते बोलनं चहाचं व्हतं."

शेजारच्या टेबलावरचे हसले. कारकून हसला नाही. म्हणाला, "मी तुमाला म्हनलो व्हतो का न्हाई, वाचून दाखवू का म्हून?"

"म्हनला व्हता."

"मंग?"

मंग काय. तो खोटं बोलला असता तर मी भांडलो असतो. मला भांडता येतं. बिल्डिंगींच्या मालकांशी, ठेकेदारांशी भांडलोय. पण हा माणूस खरं बोलत होता.

आमच्या भागाच्या नगरसेवकाकडं गेलो. ते पायजम्यावर अंगणात पाइपानं झाडांना पाणी घालत होते. म्हणाले, "बाबा, मी आता माजी हाव. निवडनूक न्हाई, पालिकेत प्रशासक बसलाय. माझं कोन ऐकतं? तिकडं बगा." त्यांच्या कंपाउंडाच्या भिंतीवरही लाल बाण होता. "तुमी मला सांगा, मी कोनाकडं जाऊ?"

मी म्हणालो, "पाणी वाया चाललं, नळी बंद करा," आणि निघालो.

घरी येऊन अर्ज लिहिला. दोऱ्यानं चष्मा बांधून, आतल्या खोलीत दिव्याखाली बसून. मुलाला फोन करून विचारता आलं असतं कसं लिहायचं, पण विचारलं नाही. लिहिलं: माझी हरकत आहे. आधी नाही म्हणालो ते बसा म्हणून म्हणालो. ओट्यावर माझी बायको बसते. ती आजारी आहे. तिला बसायला दुसरी जागा नाही. एवढं लिहायला दुपार गेली. पालिकेत त्यावर शिक्का मारून घेतला. उत्तर आलं, टाइप केलेलं. मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेता येत नाही.

पण एक झालं. इंजिनिअर स्वतः बघायला आला. माणूस भला होता, पायऱ्या चढायच्या आधी बूट काढायला लागला. मी म्हटलं राहू द्या, ओटा पालिकेचा आहे म्हणता ना, मग बूट कशाला काढता. तो ओशाळला. मंडळी पाइपाला धरून बसली होती. त्यानं तिला नमस्कार केला. तिनं त्याला विचारलं, "काय म्हनतेत?"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी सांगितलं, ती पालिकेचं विचारते आहे. त्यानं टेप काढली आणि गल्लीच्या मधल्या खुणेपासून मोजलं. ओटा रस्त्याच्या साडेतीन फूट आत आहे म्हणाला.

मी म्हटलं, "मी मोजतो." माझी टेप आणली. मनात होतं, ह्या कागदावरच्या लोकांचं माप चुकलेलं असतं, आयुष्यभर बघत आलोय. खुणेवर टेप धरली, ताणली, ओट्याच्या कडेला वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. दुकानदार, भाजीवाली, दोन-चार बाया, सगळे बघत उभे.

"तुमचं दोन बोटं कमी भरलं," मी म्हणालो. "साडेतीनच्या वर हाय."

इंजिनिअरनं माझ्याकडं बघितलं आणि वहीत दुरुस्ती केली. दुकानदारांनी कपाळाला हात लावला. मागून म्हणाले, "मिस्त्री, गप बसता येत न्हाई का तुमाला?" मापाच्या बाबतीत मला गप बसता येत नाही. दुसरा कोणता धंदा केला असता तर कदाचित आलं असतं.

मग मी त्याला बाजूला घेतलं. असं बोलायची मला सवय नाही, पण बोललो. म्हटलं, "साहेब, सगळा काढा, पायऱ्या काढा. दीड फूट राहू द्या. एका मानसाला बसायला दीड फूट लय झालं."

"बाबा, तिथूनच नाली जाते."

"मंग नाली थोडी बाहेरून घ्या."

"एका घरापुढं बाहेर घेतली तर वाकडी होते. पाणी तुंबेल, सगळ्या गल्लीत."

"नालीवर फरशी टाकू द्या."

"झाकता येत नाही. गाळ काढायला माणसं कशी उतरणार?"

तो बोलला ते बरोबर होतं. मी स्वतः एवढ्या नाल्या बांधल्या. वाकडी नाली तुंबते, हे मीच लोकांना सांगत आलोय. त्याला वाकडी बांधा असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "चहा घेणार का?" तो नको म्हणाला.

मुलाचा फोन आला. "बाबा, आईला घेऊन इकडं या. आमच्याकडं गॅलरी हाय, खालचा समदा रस्ता दिसतो." मी फोन मंडळीच्या कानाला लावला. तिनं ऐकून घेतलं आणि न्हाई म्हणाली. चौथ्या मजल्यावरून रस्ता दिसेल, पण रस्त्यावरचं कोण वर तोंड करून तिच्याशी बोलणार?

काम चार घरांवर आलं तेव्हा मी ठरवलं, पाडायचं मशीन लागायच्या आधी आपला ओटा आपण उतरवायचा. फरशा शाबूत निघाल्या तर घरात कुठं तरी लागतील. आणि माझं काम कोणी दुसऱ्यानं मोडावं हे मला पटत नव्हतं.

सकाळी मंडळी नेहमीसारखी बसली होती. तिला आत घ्यायचं म्हणून दुकानदारांच्या घरच्या आल्या. आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरलं. तिनं पाइप सोडला नाही. समजावलं. म्हटलं, ऊन येईल आता. म्हटलं, जरा वेळ, मग आणतो बाहेर. हे मी खोटं बोललो. तरी सोडला नाही. डाव्या हातात तिची सगळी ताकद उतरली होती. शेवटी मी तिची बोटं एकेक करून उघडली. करंगळीपासून सुरुवात केली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पाइपाकडंच बघत राहिली.

मग छिन्नी-हातोडा घेऊन बसलो. फरशीच्या सांध्यात छिन्नी धरली, ठोकलं. सांधा उघडेना. मी त्या सांध्यात सिमेंट कसं भरलं होतं ते मला आठवत होतं, थापीच्या टोकानं दाबून दाबून, तिचा पाय अडकू नये म्हणून. ठोकत राहिलो. एक फरशी निघाली. दुसरी निघता निघता दुभंगली. दुपार व्हायला आली तरी विटेचा एक थर हलला नाही. हातोडा छिन्नीच्या जागी बोटावर बसायला लागला. दुकानदार येऊन म्हणाले, "मिस्त्री, पुरे. सोडा आता." मी त्यांना दुकानात जायला सांगितलं.

मशीन आलं. पिवळं धूड, गल्लीत मावत नव्हतं. ड्रायव्हरनं वरून हाक मारली, "बाबा, सरका. लागंल."

मी सरकलो. सरकलो म्हणजे उंबऱ्यावर चढून उभा राहिलो. त्यानं पहिला घास घेतला, ओटा हलला नाही. त्यानं मशीन मागं घेतलं. "कोन बांधलंय हे? लय पक्कं हाय राव."



दुसऱ्या घासाला सगळा आला. पाइप, विटा, फरशा, एका ढेकळात. तसाच उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकला. विटा एकमेकींना सोडत नव्हत्या.

रस्ता चांगला झाला. खोटं कशाला बोलू. सिमेंटचा आहे, उतार बरोबर दिलाय, पाणी थांबत नाही. ऑटो दारापर्यंत येतो. पण दार कमरेइतकं वर, आणि दाराखाली उघडी नाली. मी लाकडी खोकं लावून चढतो-उतरतो. मंडळीला ते जमत नाही. दवाखान्यात न्यायचं म्हणजे तिघांनी उचलून नाली ओलांडावी लागते, म्हणून आता नेतच नाही, डॉक्टरला सांगून गोळ्या आणतो.

पहिल्या दिवसांत दारात खुर्ची टाकून बघितली. एकदा मंडळी पुढं झुकली, नशीब मी मागंच होतो. तेव्हापासून खुर्ची आत घेतली, दोन हात. तिथून समोरच्या दुकानाची पाटी दिसते आणि वरचं थोडं आभाळ. माणसं दिसत नाहीत. दिसलं तर डोकं दिसतं, जाणारं. रस्ता चांगला झाल्यापासून लोक थांबत नाहीत, गाडीवरून सुटतात. भाजीवाली टोपलं कुठं उतरवणार? ती आता पुढच्या चौकात बसते. दुकानदार काही दिवस नालीपलीकडून ओरडून वाचायचे. गाड्यांच्या आवाजात अर्धं ऐकू यायचं. मग तेही कमी झालं. मी त्यांना दोष देत नाही, उभ्यानं ओरडून बातमी किती दिवस सांगणार.

मंडळी मात्र रोज सकाळी विचारते, "काय म्हनतेत?"

आणि मला माहीत नसतं.

म्हणून शेवटी मुलाला म्हटलं, पाठव तो मोठा फोन. दुकानदारांनी मला ग्रुपात घातलं, कुठं दाबायचं ते दाखवलं, दोनदा, तीनदा. नवीन चष्मा केला. आता रोज सकाळी तिच्या खुर्चीजवळ खाटेवर बसतो आणि वाचतो. हळू वाचतो. शब्द लांब असतात. ती वाट बघते. वाचता वाचता मध्येच पुढची बातमी येऊन पडते आणि आधीची वर निघून जाते, मग मी कुठं होतो ते सापडत नाही.

परवा एक आलं. प्रभागातील अंतर्गत रस्ता व नालीचे काम पूर्ण झाले असून सहकार्याबद्दल सर्व नागरिकांचे आभार. खाली फोटो होते. एका फोटोत आमचं दार होतं. समोरून, रस्त्याच्या मधून काढलेला. दार, उंबरा, आणि उंबऱ्याखाली ताजी बांधलेली नाली, सरळ. त्या नालीत कुठं खोट काढता आली नसती.

मी तो तिच्यापुढं धरला. तिनं बाहेरून घर बघितलं त्याला महिने झाले होते. खूप वेळ बघितलं. मग डावा हात उचलला आणि दाराच्या खाली, नालीच्या जागी, बोट ठेवलं. काचेवर काही लागलं असलं की आपण पुसतो, तसं पुसायला लागली.

बोट लागलं आणि फोटो सरकला. भलतीकडंच गेला. तिनं दचकून हात मागं घेतला. मी वर ओढलं, खाली ओढलं. दुसऱ्याच कोणाचे वाढदिवसाचे फोटो आले, मग पालिकेची दुसरी बातमी आली. तो फोटो मला परत आणता येईना. ती माझ्याकडं बघत होती, फोनकडं बघत होती. दुकानदारांना हाक मारली, ते गिऱ्हाइकात होते.

समोर जे आलं होतं ते मी मग तिला वाचून दाखवलं. पाइपलाइनच्या कामामुळं उद्या आपल्या भागाला पाणी सुटणार नाही.